सर्दी, खोकला, ताप: मेडिकलच्या काउंटरवर यायच्या आधी घरी काय बघायचं

माझं मेडिकल ठाण्यात आहे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. नाव सांगत नाही, ही जाहिरात नाहीये, उलट हे वाचून माझा धंदा थोडा कमीच होईल. जून संपला की लोक निथळत्या छत्र्या घेऊन यायला लागतात आणि निम्म्यांचं वाक्य एकच असतं, "दादा, ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या ना." कशासाठी विचारलं तर "कालपासून घसा धरलाय." कालपासून! ती तीन गोळ्यांची स्ट्रिप म्हणजे अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक, सर्दीच्या व्हायरसवर तिचा काडीचा उपयोग नाही, आणि चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की समोरचा म्हणतो राहू द्या, पुढच्या दुकानात मिळेल. मिळतेही. आणि चार दिवसांनी तो बराही होतो, कारण सर्दी तशीही उतरणारच होती, पण श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी घरातल्या पाचही जणांना तीच गोळी.

मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, निदान करणं माझं काम नाही आणि हे वाचून तुम्हीही करायला जाऊ नका. पण एकवीस वर्षं काउंटरमागे उभं राहून एवढं नक्की कळलंय की घरी लोक भलत्याच गोष्टी बघत बसतात. कफाचा रंग बघतात, कपाळाला हात लावून ताप बघतात, खोकल्याचा आवाज ऐकून घाबरतात. बघायचं असतं ते दोनच, आज कितवा दिवस आहे आणि श्वास कसा चाललाय.

आधी, नेमकं झालंय काय

साधी सर्दी. हिचे दोनशेच्या वर व्हायरस आहेत, त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो राइनोव्हायरस. पहिल्या दिवशी घशात खवखव, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक नळासारखं, मग नाक चोंदतं, शेंबूड घट्ट होतो, पिवळा होतो, हिरवा होतो. इथे लोक वॉश बेसिनमध्ये बघून घाबरतात आणि थेट दुकानात येतात. अहो तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा आहे, जंतूंशी लढायला आलेल्या पेशींमध्ये एक हिरवट एन्झाइम असतं, त्याचा. बॅक्टेरिया असो नसो, रंग येतोच. सात ते दहा दिवसांत बाकी सगळं आटोपतं पण खोकला मागे राहतो, दोन-तीन आठवडे सहज राहतो. लोकांना वाटतं पाच दिवसांत खोकला गेला पाहिजे, नाही गेला म्हणजे औषध लागू पडलं नाही, मग डॉक्टर बदलायचा. सगळा घोळ तिथे सुरू होतो.

फ्लू वेगळा. तो हळूहळू येत नाही, आदळतो. सकाळी माणूस धडधाकट ऐरोलीला ऑफिसला जातो, संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये कणकण सुरू होते, ठाण्याला उतरेपर्यंत पाय उचलवत नाहीत आणि घरी थर्मामीटर १०२ दाखवतो. नाक फारसं वाहत नाही, पण अंग असं दुखतं की कोणी काठीने बडवलंय. ताप तीन ते पाच दिवस, अशक्तपणा दोन आठवडे. आपल्याकडे याचा जोर पावसाळ्यात आणि परत थंडीत. स्वाइन फ्लू म्हटलं की अजून लोकांचे चेहरे उतरतात, २००९ मध्ये पुण्याच्या बातम्या सगळ्यांनी बघितल्यात, पण तो एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक झालाय. फ्लूवर औषध आहे, ओसेल्टामिवीर, ते चिठ्ठीवरच मिळतं आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर खरा फायदा. म्हणून घरात कोणी ६५ च्या वर असेल, गरोदर असेल, पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, किंवा डायबेटिस, दमा, हार्ट, किडनी असं काही असेल तर "दोन दिवस बघूया" हे त्यांच्यासाठी नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाकी धडधाकट माणसाने झोपून काढलं तरी चालतं. कोविडही दिसायला असाच, लक्षणांवरून ओळखता येत नाही, घरात म्हातारं माणूस असेल तर टेस्ट करून टाका.

आता आपल्या पावसाळ्याची खास गोष्ट. ताप आहे, सणकून आहे, पण नाक नाही, घसा नाही, खोकला नाही, मग त्याला सर्दी-ताप म्हणू नका. जिथे बघावं तिथे बांधकाम, प्रत्येक बांधकामावर साचलेलं पाणी, त्यामुळे मलेरिया आणि डेंग्यू आधी डोक्यात आले पाहिजेत. थंडी वाजून ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ, असं काही असेल तर वाट न बघता रक्त तपासा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत गुडघाभर पाण्यातून चालत घरी आला असाल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या जंतूंचा ताप, त्यातूनच होतो. आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, डायक्लो, अ‍ॅस्पिरिन या दुखण्याच्या गोळ्यांमधलं काही नाही, रक्तस्राव वाढू शकतो. लहान मुलांना तर तापात अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

घशाचं एक राहिलं. पाच ते पंधरा वयाचं मूल, ताप आहे, घसा प्रचंड दुखतोय, गिळवत नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत गाठी दुखतायत आणि खोकला मात्र अजिबात नाही, तर तो स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया असू शकतो. इथे अँटिबायोटिक लागतं म्हणजे लागतंच, आणि डॉक्टर देतील तितके दिवस पूर्ण, बऱ्याचदा दहा दिवस, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बाटली फ्रीजमध्ये मागे सरकवायची नाही. नीट उपचार झाले नाहीत तर पुढे र्‍हुमॅटिक फीवर होऊन हृदयाच्या झडपा खराब होतात, आपल्या देशात अजून होतात. म्हणजे माझं अँटिबायोटिकशी वैर नाही, चुकीच्या वेळी घेतलेल्याशी आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा

हसू नका, खरंच करा. ज्या दिवशी पहिल्यांदा घसा खवखवला किंवा ताप आला त्या तारखेला पेनने गोल आणि शेजारी नाव. कारण दुकानात मी विचारतो किती दिवस झाले, तर नवरा म्हणतो चार, बायको म्हणते कुठले चार, शनिवारी आत्याकडे गेलो होतो तेव्हापासून खोकतोय, म्हणजे नऊ झाले.

ताप तीन दिवसांच्या पुढे गेला की डॉक्टर. सर्दी दहा दिवस होऊनही जरासुद्धा उतरत नाही, गालाची हाडं आणि कपाळ ठणकतंय, तर सायनस असू शकतो, डॉक्टर. पण सगळ्यात महत्त्वाची खूण ती नाही, ती ही की माणूस बरा व्हायला लागला होता, दोन दिवस ताप नव्हता, जेवायला लागला होता आणि पाचव्या-सहाव्या दिवशी परत फणफणला. याला आमच्याकडे ताप उलटला म्हणतात. व्हायरसने रस्ता करून दिला आणि मागून बॅक्टेरिया शिरला असं होऊ शकतं, छातीत न्यूमोनिया होऊ शकतो. उलटला की त्याच दिवशी जायचं, उद्या नाही.

आणि खोकला दोन आठवडे. आत्ताच मी म्हटलं की सर्दीनंतरचा खोकला तीन आठवडेही राहतो, मग दोन आठवड्यांचं काय? ते टीबीसाठी. दोन आठवड्यांच्या पुढे खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हा सरकारी नियम आहे आणि शहाणा नियम आहे. बहुतेकांचं काही निघत नाही, पण निघालं तर लवकर निघालेलं बरं. माझ्याकडे एक रिक्षावाले काका यायचे, स्टँड जवळच, दर आठ-दहा दिवसांनी खोकल्याची बाटली. तिसऱ्या बाटलीला मी त्यांच्याकडे नीट बघितलं तर शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती, माणूस आटला होता. विचारलं रात्री घाम येतो का, तर म्हणाले उशी ओली होते. बाटली दिली नाही, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात पाठवलं, थोडे रागावलेच. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, आता ठणठणीत आहेत आणि रिक्षातल्या प्रत्येक खोकणाऱ्याला तपासायला सांगत फिरतात. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून खाण्यापिण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

एक उलटी खूणही सांगतो. ताप कधीच नसतो, पण खोकला महिनोन्‌महिने येतो-जातो, पहाटे जास्त, आणि गणपतीला कोकणात गेलं की तिसऱ्या दिवशी गायब, परत आल्यावर पुन्हा सुरू. हे इन्फेक्शन नाही हो. घोडबंदर रोडची धूळ असेल, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली हवा असेल, खिडकीच्या ग्रिलमध्ये बसणारी कबुतरं असतील (त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचा खरोखरचा आजार होतो, गंमत नाही). यावर अँटिबायोटिकचे चार कोर्स झालेली मुलं मी बघितलीत, शेवटी निघाला दमा. पंप (इनहेलर) लिहून दिला तर आई-वडील दचकतात, सवय लागेल म्हणतात. पंपाची सवय लागत नाही, त्यातला डोस तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा कितीतरी कमी असतो आणि थेट फुप्फुसात जातो. लहान मुलाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा प्लास्टिकचा नळा, लावूनच द्या आणि स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा, बास.

श्वास मोजायचा कसा

हे सगळ्यांना यायला पाहिजे आणि फारच थोड्यांना येतं, म्हणून जरा सविस्तर.

बाळ शांत असताना मोजायचं. रडून झाल्या झाल्या नाही, दूध पिताना नाही, झोपलेलं असेल तर उत्तम. मांडीवर आडवं घ्या, झबलं छातीपर्यंत वर करा, उजेड चांगला हवा. नजर पोट आणि छाती यांच्या मधे ठेवा. वर गेलं आणि खाली आलं, हा एक. मोबाइलवर पूर्ण ६० सेकंदांचा टायमर लावा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळं एकसारखा श्वास घेतच नाहीत, पाच-सहा भराभर घेतात, मग जरा थांबतात. आकडा जास्त वाटला तर परत एकदा मोजा. तापातही श्वास वाढतो, म्हणून औषध देऊन ताप उतरल्यावर पुन्हा मोजून बघा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे जोरात समजायचं. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे, आशाताईंना शिकवतात तेच. यापुढे आकडा गेला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आकड्यापेक्षाही वाईट खूण म्हणजे छाती ओढणं. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्या संपतात तिथे, बाहेर यायच्या ऐवजी आत खड्डा पडतो. नाकपुड्या फुलतात. आज्या म्हणतात "पोट उडतंय", त्यांचं बघणं बरोबर असतं, फक्त पुढे त्या हिंग लावायला सांगतात, तसं करत बसू नका. छाती ओढतेय, ओठ-जीभ निळसर दिसतायत, बाळ दूध ओढतच नाही, हाक मारून डोळे नीट उघडत नाही, दर श्वासाला कण्हतंय, झटका आला, यातलं एकही असलं तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, रिक्षा मिळाली तर रिक्षा नाहीतर १०८ ला फोन, आणि थेट हॉस्पिटल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याच्या वर ताप असेल तर बाकी काहीही नसलं तरी लगेच दाखवायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये आरएसव्ही नावाचा व्हायरस फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजवतो, सुरुवात साध्या सर्दीसारखी आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जोर, म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर ठीक म्हणाले तरी पाचव्या दिवसापर्यंत श्वास मोजत राहा.

मोठ्यांचं. ऑक्सिमीटर २०२० नंतर प्रत्येक घराच्या ड्रॉवरमध्ये पडलाय, काढा तो. हात थंड असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, पाच मिनिटं शांत बसा, मग बोट घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, पहिला दिसेल तो धरू नका. ९५ किंवा वर ठीक. ९४ किंवा खाली टिकून राहिला तर आजच डॉक्टर, ९० च्या खाली म्हणजे हॉस्पिटल, आत्ता. (जुन्या सीओपीडीवाल्यांचा, म्हणजे विडी-सिगारेट किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं कायमची खराब झालेल्यांचा, नेहमीचाच आकडा कमी असतो, त्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून माहीत करून ठेवावा.) आणि मोठ्या माणसाला एक वाक्य सलग बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागत असेल तर आकडा कितीही चांगला असो, निघा.

म्हाताऱ्यांचं वेगळं लिहितो कारण तिथे मी स्वतः चुकलोय. माझे सासरे कळव्याला राहायचे, वय ७६. ताप नाही, खोकला म्हणावा असा नाही, नुसतं जेवण कमी झालं होतं. रविवारी आम्ही गेलो तर मला विचारलं आज काय वार, मी सांगितलं, दहा मिनिटांनी परत तेच. मी बायकोला म्हटलं वय झालं गं आता. सोमवारी रात्री बाथरूमच्या उंबऱ्याशी अडखळून पडले, मेहुण्याचा फोन आला, जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८८. एक्स-रेमध्ये उजवीकडचं खालचं फुप्फुस पांढरं. नऊ दिवस अ‍ॅडमिट होते, बरे होऊन आले नशिबाने. रोज औषधं विकणारा माणूस मी, आणि रविवारी बोटाला ते यंत्र लावायचं मला सुचलं नाही. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. अचानक गोंधळणं, जेवण तुटणं, पडणं, दिवसभर झोपून राहणं, हेच लक्षण असू शकतं.

काय द्यायचं, काय नाही

पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर आधी विचारा. लोक काय करतात, तापाला ६५० घेतात आणि सर्दीला वेगळी गोळी घेतात, तर त्या सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच. म्हणजे डोस दुप्पट आणि पत्ताच नाही. स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. वाचता येत नसतील तर काउंटरवर विचारा, त्यासाठीच आहोत.

मुलांचं प्रकरण नाजूक. डोस वयावर नाही, वजनावर असतो, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळेला. आणि एकाच नावाची तीन औषधं येतात, ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये ५ मिलीत १२०, दुसऱ्यात ५ मिलीत २५०. खोका साधारण सारखाच. समजा मूल १२ किलोचं आहे, त्याला १२० ते १८० मिलिग्रॅम पाहिजे, म्हणजे १२० वाल्या सिरपचे ५ ते साडेसात मिली, पण २५० वालं असेल तर अडीच ते साडेतीन. थोरल्याचं उरलेलं २५० धाकट्याला आधीच्याच मापाने पाजलेलं मी ऐकलंय. ड्रॉप्स तर सिरपसारखे चमच्याने द्यायचेच नाहीत. मापाचं झाकण नाहीतर सिरिंज वापरा, पोह्यांचा चमचा नाही. आणि बाटलीवर मार्करने मुलाचं नाव आणि किती मिली ते लिहून ठेवा, रात्री तीन वाजता डोकं चालत नाही.

सर्दी-खोकल्याची सिरपं लहान मुलांना नकोच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांच्या आतल्या मुलांना द्यायचं नाही असं बाटलीवर छापायचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढलाय. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात कफ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं, मुलांच्या किडन्या बंद पडून जीव गेले, ते सगळ्यांनी वाचलंय. तेव्हापासून माझ्याकडे आया बाटली हातात घेऊन विचारतात हे चांगलं आहे ना, आणि मी सांगतो चांगलं असलं तरी तुमच्या दोन वर्षांच्या बाळाला याची गरज नाहीये. एक वर्षाच्या वरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा-एक छोटा चमचा मध, खोकल्याला खरंच आराम पडतो. एक वर्षाच्या आत मात्र मध बोटालाही लावून नाही, अगदी बारशालाही नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो.

नाक चोंदलंय तर सलाइनचे ड्रॉप्स, बाळाला दूध पाजायच्या आधी दोन-दोन थेंब, मग ते नीट पितं. मोठ्यांचे ते झटक्यात नाक उघडणारे स्प्रे तीन दिवस, फार तर पाच, त्यापुढे नाकाला त्यांचीच चटक लागते आणि सोडलं की आधीपेक्षा घट्ट चोंदतं. दोन-दोन वर्षं खिशात घेऊन फिरणारे लोक आहेत माझ्याकडे. बीपीवाल्यांनी नाक मोकळं करायच्या गोळ्या न विचारता घेऊ नयेत, बीपी चढतं.

वाफ. वाफेने व्हायरस मरत नाही, बरं वाटतं एवढंच, आणि तेवढं बरं वाटायला माझी हरकत नाही, मोठ्या माणसाने घ्यावी. पण पोराच्या डोक्यावर टॉवेल टाकून उकळत्या पातेल्यासमोर बसवायचं नाही, पातेलं उलटून भाजलेली पोरं हॉस्पिटलात बघायला मिळतात. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावून दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसा, झालं. ओव्याची पोटली कपड्यावरून शेकायला ठीक, गरम किती ते आधी आपल्या मनगटाला लावून बघा, पण त्यात कापूर घालू नका, बाळाने चघळला तर झटके येऊ शकतात. आणि आंघोळीनंतर बाळाला धुरी द्यायची पद्धत, मला माहितीये आजी रागावतील, पण धूर तो धूर. ओव्याचा असो, उदाचा असो, कासवछापचा असो, बारीक फुप्फुसांना तो नकोच.

हळद-दूध, आल्याचा काढा, मिठाच्या गुळण्या, खुशाल करा. जेवणाचे नियम मात्र सैल करा, केळं नको, भात नको, दही नको म्हणत बसलात तर त्या पोराने खायचं काय? गुरगुट्या भात, तूप, मेतकूट, लिंबाची फोड, जे जाईल ते थोडं थोडं. आणि पाणी. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय, बाळाने सहा-आठ तास लंगोट ओला केला नाही तर डॉक्टर.

अँटिबायोटिकची स्ट्रिप ओळखायची खूण सांगतो, मागे उभी लाल रेघ असते, २०१६ पासून सरकारने त्याचा प्रचार केलाय. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. घरात ड्रॉवरमध्ये अशा अर्ध्या स्ट्रिपा असतील तर पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजारच्या वहिनींना तर अजिबात देऊ नका.

घरातल्या बाकीच्यांचं

वन बीएचकेत आयसोलेशन कसलं करणार, ज्यांना ते सुचतं त्यांच्या घरी जास्त खोल्या असतात. जमेल ते करा, आजारी माणसाची गादी खिडकीजवळ, खिडकी उघडी, एसी बंद, झोपताना एकाचं डोकं इकडे दुसऱ्याचं तिकडे, टॉवेल वेगळा. मास्क आजारी माणसाने लावायचा, आजी जवळ आल्या तर त्यांनीही. हात साबणाने वीस सेकंद, आणि मोबाइलही पुसा, आजारी माणूस दिवसभर तोच तर तोंडासमोर धरून खोकतो. फ्लू ताप यायच्या एक दिवस आधीपासून पसरतो, त्यामुळे सगळं टळणार नाही, पण ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला असल्याशिवाय शाळेत पाठवू नका. परीक्षा असली तरी. ऑफिसला जावंच लागत असेल तर सकाळच्या गर्दीत निदान मास्क लावून उभे राहा, समोरच्याच्या मानेवर खोकू नका.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस बदलतो, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी, तयार व्हायला तिला दोन आठवडे लागतात. ही सरकारी यादीत नाही, पैसे पडतात. न्यूमोनियाची पीसीव्ही मात्र बाळांना महापालिकेत फुकट, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, कार्ड काढून बघा राहिली तर नाही ना. साठीच्या वरच्यांनी डॉक्टरांना स्वतःसाठी विचारावं.

डॉक्टरकडे जाताना चार गोष्टी मोबाइलमध्ये लिहून न्या, कितवा दिवस, सगळ्यात जास्त ताप किती आणि कधी, श्वासाचा किंवा ऑक्सिजनचा आकडा, आणि आतापर्यंत काय काय दिलं त्या स्ट्रिपांचे फोटो. "ती पांढरी गोळी" सांगू नका, माझ्या दुकानात चारशे पांढऱ्या गोळ्या आहेत.

आणि हो, तो ड्रॉवरमधला ऑक्सिमीटर आत्ताच उघडून बघा, सेल गळून आत हिरवं झालेलं असतं. थर्मामीटरचा बटणसेलही संपलेला असणार. दोन्हीचे सेल माझ्याकडे मिळतात, तेवढं गिऱ्हाईक मला चालेल.